छापील रेषा, हाताचा उजेड

रबरी ठशातून कागदावर उमटलेल्या मुलीचा चेहरा बहुधा पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठा नसतो. कपाळावर झुलपांच्या चार रेषा, दोन डोळे, ओठांची एक वळलेली रेघ, नाकाच्या जागी एखादा ठिपका. कधी कधी तोही नसतो. उरलेला सगळा कोरा कागद. एवढ्याशा त्या जागेत तीन-चार अल्कोहोल मार्कर वापरून गाल वर आणायचे, मान मागे न्यायची, हनुवटीला गोलाई द्यायची, केसांची सावली कपाळावर पाडायची. फ्रॉकचा रंग थोडा बिघडला तरी कार्ड चालून जातं. डोळ्याशेजारी रंग फुटला किंवा गालावर डाग बसला, की ते बाजूलाच ठेवावं लागतं. म्हणून या कामात मुरलेली माणसं चेहरा सगळ्यात आधी रंगवतात. त्याला आणखीही एक कारण आहे. गडद केस आधी रंगवले, तर ओली शाई कागदाच्या तंतूंतून सरकत फिकट गालावर येऊ शकते.

हा छंद वाढला तो हाताने केलेल्या शुभेच्छापत्रांबरोबर, मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात. ‘स्टॅम्पिन अप’ ही अमेरिकी कंपनी दोन बहिणींनी १९८८ मध्ये घरातूनच सुरू केली. घरोघरी मैत्रिणी जमवायच्या, ठसे कसे वापरायचे ते दाखवायचं आणि तिथेच विकायचे, अशी तिची पद्धत. त्याच कंपनीने २०१७ मध्ये स्वतःचे अल्कोहोल मार्कर बाजारात आणले, यावरून ठसे आणि मार्कर यांची जोडी किती घट्ट झाली होती ते कळतं. स्वीडनच्या ‘मॅग्नोलिया’ कंपनीची टिल्डा नावाची गोल चेहऱ्याची मुलगी तर मार्करवाल्यांची लाडकीच झाली. टिल्डा कधी छत्री घेऊन उभी असते, कधी हातात केक असतो, कधी पाठीला परीचे पंख असतात. कपडे बदलतात, ऋतू बदलतात, चेहरा मात्र जवळपास तोच. एकच ठसा दहा जणींनी विकत घेतला तरी दहा टिल्डा वेगळ्या दिसतात, आणि हा फरक सर्वांत आधी गालांवर, कपाळावर दिसतो.

रेषा दुसऱ्याची असेल तर रंगवणाऱ्याचं त्यात काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते. ती गैर आहे. छापील रेषेत हाताने रंग भरणं हा छापखान्याइतकाच जुना पेशा आहे. न्यूरेंबर्गसारख्या जर्मन शहरांत पंधराव्या-सोळाव्या शतकात लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं रंगवून पोट भरणारे कारागीर होते. न्यूयॉर्कच्या ‘करियर अँड आइव्ह्ज’ या प्रसिद्ध छापखान्याची शिळाछाप चित्रं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घराघरांत टांगलेली असत. ती रंगवायच्या बायका. लांबलचक टेबलाभोवती बसून एकीने एकच रंग भरायचा आणि कागद पुढे सरकवायचा. समोर नमुन्याचं रंगवलेलं चित्र ठेवलेलं असे.

शुभेच्छापत्राचाच धागा धरायचा तर १८४३ मध्ये लंडनला जावं लागतं. हेन्री कोल या गृहस्थाने नाताळासाठी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं. विक्रीसाठी छापलेलं हे पहिलं नाताळकार्ड मानलं जातं. साधारण हजार प्रती, किंमत एक शिलिंग. मधोमध एक कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसून प्याले उंचावतंय, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्यं. छपाई झाली ती रेषांची. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरला गेला. म्हणजे छापील चेहऱ्याच्या गालावर ब्रशने लाली चढवण्याचं काम नाताळकार्डाच्या जन्मापासूनच चालू आहे.

जपानची रीत याहून निराळी. सुझुकी हारुनोबूच्या हातून १७६५ च्या सुमारास बहुरंगी लाकडी छपाई नावारूपाला आली. त्या चित्रांत किमोनोवर रंगांची रेलचेल असते, आणि बाईचा चेहरा मात्र बहुधा कोरा. नाकाची एक रेघ, भुवया, चिमुकले ओठ, बाकी कागदाचा स्वतःचा रंग. सावली नाहीच. गोलाईची सगळी जबाबदारी रेषेवर टाकलेली. आज जगभर चेहऱ्यांवर सावल्या चढवायला जो मार्कर सर्वाधिक नावाजला जातो, तोही जपानचाच.

त्याचं नाव कॉपिक. बनवणारी ‘टू कॉर्पोरेशन’ ही टोकियोची कंपनी, मूळचं नाव इझुमिया, सुरुवात १९१९ मध्ये चित्रसाहित्याच्या दुकानापासून. मार्कर आला १९८७ मध्ये, आणि तो काही शुभेच्छापत्रांसाठी आला नव्हता. तेव्हा डिझायनर मंडळी आपल्या रेखाटनाची फोटोकॉपी काढून तिच्यावर रंगवायची. जुन्या मार्करांमधले तीव्र द्रावक फोटोकॉपीची काळी पूड विरघळवून रेघा फिसकटून टाकायचे. अल्कोहोलची शाई त्या काळ्या पुडीला धक्का लावत नव्हती. कॉपिक हे नावच कॉपीवरून पडलं. पुढे मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या चित्रकारांनी तो उचलला आणि त्यानंतर ठसे उमटवणाऱ्यांनी. ब्रशसारखं लवचीक टोक असलेल्या ‘स्केच’ प्रकारात आज ३५८ रंग मिळतात. शाई संपली तर भरता येते, टोक झिजलं तर बदलता येतं. किंमत मात्र चांगलीच आहे. त्यामुळे शिकणारे बरेच जण स्वस्त चिनी मार्करांच्या संचाने सुरुवात करतात. त्यात काही वावगं नाही. हात बसेपर्यंत महागड्या पेनाने फारसा फरक पडत नाही.

अल्कोहोलच का, हे समजलं की निम्मं तंत्र समजतं. पाण्याचा पृष्ठताण इथाइल अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त असतो. म्हणून पाण्याचा थेंब कागदावर क्षणभर थबकतो आणि अल्कोहोलचा थेंब लगेच पसरतो. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, कागद वाकतो, जलरंगाचे फटकारे वाळल्यावरही दिसत राहतात. अल्कोहोलने तंतू फारसे फुगत नाहीत आणि ते झटकन उडून जातं. मागे उरतो तो रंग, तोही तंतूंमध्ये मुरलेला. त्यावर पुन्हा अल्कोहोलचा हात फिरवला की मुरलेला रंग परत थोडा सुटतो आणि दोन छटांमधली सीमा पुसट होते. ‘ब्लेंडिंग’ म्हणतात ते हेच. रंग पारदर्शक असल्यामुळे फिकटावर गडद चढतो, पण गडदावर फिकट चढवून उजेड परत आणता येत नाही. चित्रात पांढरं जे काही दिसतं ते कागदाचं पांढरं. ते राखायचं असेल तर सुरुवातीलाच राखावं लागतं.

यातूनच ठशाच्या काळ्या शाईचा प्रश्न उभा राहतो, आणि नवशिक्यांची पहिली फजिती बहुधा इथेच होते. ‘त्सुकिनेको’ या जपानी कंपनीची ‘मेमेंटो’ ही शाई पाण्याच्या आधारावरची. ती नीट वाळली की अल्कोहोल मार्करला दाद देत नाही. त्याच कंपनीची ‘स्टेझऑन’ काचेवर, प्लास्टिकवर घट्ट बसते, पण ती द्रावकावर आधारलेली असल्यामुळे मार्कर फिरला की डोळ्यांची रेघ गालावर पसरते. जलरंगवाल्यांचा हिशेब नेमका उलटा: त्यांना पाण्याला न जुमानणारी शाई हवी, आणि मेमेंटो तिथे कुचकामी. कागदही गुळगुळीत आणि जाड हवा. अमेरिकेतल्या ‘नीना’ कंपनीचा सोलर व्हाइट या मंडळींच्या विशेष आवडीचा. खरखरीत कागदावर ब्रशचं टोक अडतं, पातळ कागदावर रंग चहूकडे फुटतो.

आता प्रत्यक्ष चेहरा. मार्करचं टोपण उघडण्याआधी ठरवायचं ते एवढंच, की उजेड कुठून येतोय. बहुतेक जण डावा किंवा उजवा वरचा कोपरा धरतात. काही जण कागदाच्या कडेला पेन्सिलीने छोटा बाण काढून ठेवतात. हा बाण विसरला की नाकाची सावली डावीकडे, टोपीची उजवीकडे अशी गत होते. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चेहरा खोटा वाटतो.

मग सर्वांत फिकट छटा, पूर्ण चेहऱ्यावर, लहान गोल फिरवत, कड वाळू न देता. हा पहिला हात कागदाला भिजवण्यासाठी असतो. पुढचे रंग त्या ओलाव्यात मिसळतात. दुसरी छटा फक्त जिथे उजेड अडतो तिथे: झुलपांखाली, उजेडाच्या विरुद्ध गालाच्या कडेला, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, कानाच्या आत. सगळ्यात जास्त मानेवर, कारण हनुवटीची सावली थेट तिच्यावर पडते. मान चेहऱ्याइतकीच उजळ ठेवली, तर डोकं धडाला चिकटवल्यासारखं दिसतं. ब्रश कडेवर टेकवायचा आणि चेहऱ्याच्या मध्याकडे हलकेच उचलून घ्यायचा. टेकतो तिथे रंग दाट पडतो, उचलतो तिथे विरळ. शेवटी फिकट मार्कर पुन्हा हातात घेऊन दोन्हींची सीमा विरघळवायची. कॉपिकवाल्यांचा गोऱ्या चेहऱ्यासाठीचा रुळलेला मेळ म्हणजे ई-०००, ई-००, ई-११ आणि गालांसाठी आर-२०. या आकड्यांतला शेवटचा अंक रंगाची गडदता सांगतो, त्याआधीचा रंग किती तजेलदार की करडट ते सांगतो, आणि अक्षर रंगाचं कूळ. ‘ई’ म्हणजे मातीचे रंग. हे एकदा कळलं की तयार कृती पाठ करायची गरज उरत नाही.

गालांच्या लालीबद्दल सहाशे वर्षांपूर्वीचा एक सल्ला आजही कामाला येतो. इटलीतला चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या आसपास कारागिरांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. चेहऱ्यासाठी आधी हिरवट मातीचा थर द्यायचा, त्वचेच्या रंगाच्या तीन छटा वेगवेगळ्या भांड्यांत कालवून घ्यायच्या आणि प्रत्येकीला चेहऱ्यावर आपापली जागा द्यायची, असं तो सांगतो. तरुण चेहऱ्याला शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक, म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्याला खेड्यातल्या कोंबडीचा लालसर बलक, इतक्या बारकाव्यात तो शिरतो. गालांची लाली आपले गुरू नाकापेक्षा कानाकडे जास्त लावत, कारण त्याने चेहऱ्याला उठाव येतो, असंही तो नोंदवतो. गुरू म्हणजे अन्योलो गाद्दी. मार्कर हातात घेतलेला नवशिका बरोबर उलटं करतो: गालाच्या मध्यावर दोन गुलाबी ठिपके. टिल्डासारख्या बाहुलीवजा चेहऱ्याला ते शोभतातही. पण ठसा मोठ्या बाईचा असेल, गालाचं हाड सूचित केलेलं असेल, तर लाली थोडी कानाकडे सरकवून बघावी. चेहरा ताबडतोब वळतो.

सावलीत निळसर-जांभळा मिसळणं हाही त्याच घराण्यातला विचार. चेन्निनी थंड हिरवा रंग खाली घालून त्यावर उबदार त्वचा चढवत होता. मार्करवाले त्वचेच्या रंगावर बीव्ही-०० सारखी फिकट जांभळी छटा पातळ चढवतात आणि हनुवटीखालची सावली जिवंत करतात. नुसत्या तपकिरी रंगाने सावली दाट केली तर तिथे मळ साचल्यासारखा दिसतो. डोळ्यांचा पांढरा भागही पूर्ण पांढरा ठेवू नये; वरच्या पापणीखाली सी-०० या अगदी फिकट राखाडीची एक रेघ पुरते. रंग रेषेबाहेर गेला तर बिनरंगी ब्लेंडरने, म्हणजे रंग नसलेल्या मार्करने, तो बाहेरून आत ढकलता येतो. ढकलता येतो, पुसता येत नाही. शाई कागदातच राहते, फक्त जागा बदलते. सगळं वाळल्यावर पांढऱ्या जेल पेनाचा ठिपका डोळ्याच्या बाहुलीत, एक नाकाच्या शेंड्यावर.

लहान मुलाच्या चेहऱ्यावर सावली जितकी कमी तितकी बरी. म्हाताऱ्या चेहऱ्यावर सुरकुत्या ठशातच कोरलेल्या असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना रंग घातला तर सुरकुतीची खाच होते. एकाच बाजूला घालावा.

आता त्या कृतीतल्या ‘गोऱ्या’ या शब्दापाशी थांबायला हवं. बाजारातल्या बहुतेक ठशांमधली मुलगी युरोपीय डोळ्यांनी काढलेली आहे, आणि शिकवण्याच्या पुस्तकांत त्वचेचा पहिला धडा बहुतेक वेळा फिकट गुलाबी छटांचाच असतो. रंगांच्या नावांतही ते मुरलेलं होतं. क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्ये फिकट गुलाबी रंगाला ‘फ्लेश’, म्हणजे देहाचा रंग, असं नाव होतं. ते १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केलं गेलं. कॉपिकच्या ई-०० चं जुनं नाव होतं ‘स्किन व्हाइट’. आता ते ‘कॉटन पर्ल’ आहे. क्रेयोलाने २०२० मध्ये जगभरच्या त्वचेच्या २४ छटांचा खास संच काढला. नावं बदलणं आवश्यक होतं. पण मराठी घरातल्या मुलीने ठसा रंगवायला घेतला आणि आपल्या आजीचा गव्हाळ किंवा बहिणीचा सावळा रंग तिला जमला नाही, तर नाव बदलून तिचं काम होत नाही. तिला पद्धत हवी.

पद्धत थोडी निराळी आहे, आणि ती गोऱ्या चेहऱ्याला जास्त गडद मार्कर लावून साधत नाही. गव्हाळ रंगाला ई-११, ई-१३, ई-१५ अशी चढण चालते. पिवळसर झाक हवी असेल तर ई-३१, ई-३३, ई-३५. सावळ्या रंगासाठी ई-३५, ई-३७ किंवा ई-२५ आणि सावलीला ई-२९. गुलाबी आर-२० या रंगांवर राखेसारखा बसतो. लाली विटकरी किंवा गडद पीच हवी, ई-०४ सारखी. सावळ्या चेहऱ्यावर सावली आणि त्वचा यांतलं अंतर कमी असतं, म्हणून चेहऱ्याचा आकार सावलीपेक्षा उजेड जास्त सांगतो. कपाळाचा मधला भाग, नाकाची दांडी, गालाचं हाड, हनुवटी: या जागा पहिल्या हातापासून मोकळ्या ठेवायच्या आणि त्यांवर फक्त सर्वांत फिकट छटा जाऊ द्यायची. मागाहून तिथे मार्करने उजेड आणता येणार नाही. पांढऱ्या जेल पेनाचे दोन-तीन सूक्ष्म स्पर्श इथे जितके खुलतात तितके गोऱ्या चेहऱ्यावर खुलत नाहीत.

हे शिकायला टोकियोला किंवा अमेरिकेला जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जावं. पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर गव्हाळ, सावळे, तांबूस, काळे असे सगळे चेहरे शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांतला कुठलाही दुसऱ्यापेक्षा कमी कष्टाने रंगवलेला नाही. नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर उजळ रंगाचा हात दिलेला दिसतो. गुहेच्या अंधारात दिव्याच्या प्रकाशात चेहरा पुढे येतो तो त्या जागांमुळे. आपल्याकडे याचं शास्त्रही लिहिलं गेलं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा देण्याला वर्तना म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची पत्रवर्तना, अतिसूक्ष्म अशी आहैरिक आणि ठिपक्यांची बिंदुवर्तना. मार्कर हातात असलेल्याला हे तिन्ही ओळखीचे वाटतील. कडेपासून आत ओढलेले फटकारे पहिल्याच्या जवळचे. दोन छटांची सीमा पूर्ण विरघळवलेलं मऊ काम दुसऱ्याच्या जवळ जातं. आणि मार्करचं टोक टेकवत टेकवत दिलेले ठिपके, ज्यांनी दाढीचे खुंट किंवा गालावरचे तीळ दाखवतात, ते तिसऱ्याच्या.

अजिंठ्याचे रंग मातीचे आणि दगडाचे होते, म्हणून ते दीड हजार वर्षं टिकले. मार्करची शाई विरघळलेल्या रंजकांची असते आणि उन्हात ती विटते. सर्वांत आधी जातात ते फिकट गुलाबी आणि जांभळे, म्हणजे नेमकी गालांची लाली आणि हनुवटीची सावली. चित्र भिंतीवर लावायचं असेल तर खिडकीसमोर नको, आणि काचही अतिनील किरण अडवणारी हवी. मूळ ठेवून स्कॅन करून घेणं सर्वांत चांगलं; डिझायनरांसाठी बनलेल्या या मार्करने रंगवलेलं मूळ चित्र पूर्वी छपाईसाठीच जायचं. शुभेच्छापत्रांचा प्रश्न त्यामानाने सोपा, ती पाकिटात आणि कपाटात राहतात.

ठशांची टंचाई हीही आता फार मोठी अडचण राहिलेली नाही. परकर-पोलक्यातली मुलगी, नऊवारीतली आजी, फेटा बांधलेला मुलगा असे चेहरे दुकानातल्या ठशांवर सहसा सापडत नाहीत, पण रेषा काढणारा हात घरातच असतो. परदेशात अनेक चित्रकार रबर कोरून घेण्याऐवजी नुसती रेखाटनं विकतात. घेणारा ती घरी छापून रंगवतो. इथे एकच काळजी घ्यायची. इंकजेट प्रिंटरची शाई अनेकदा मार्करखाली फुटते, लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्सची काळी पूड फुटत नाही. म्हणजे काळ्या पेनाने काढलेला आजीचा चेहरा नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जाडसर गुळगुळीत कागदावर पाच-सहा प्रतींत काढून आणायचा, आणि एकीवर ई-११ पासून, दुसरीवर ई-३३ पासून, तिसरीवर ई-३५ पासून सुरुवात करायची. प्रत्येक प्रतीच्या मागे मार्करचे क्रमांक लिहून ठेवायचे. आजीच्या गालाशी कोणती प्रत जुळते ते तिला शेजारी बसवून दिवसाच्या उजेडात बघावं. ट्यूबलाइटखाली सगळेच तपकिरी रंग वेगळे दिसतात.